शेवटच्या पाळीची तारीख

“तान्ह्या पोयाले डोक्शावरून पानी घेतलं, मंग नाई आली.” वर्धा जिल्ह्यातल्या उपकेंद्रात नर्सताईंनी शेवटच्या पाळीची तारीख विचारली की उत्तर असं येतं, सणाला किंवा हंगामाला टेकलेलं. कुणाला भुलाबाई आठवते, कुणाला सोयाबीनची सोंगणी, कुणाला नणदेचं लग्न. मग भिंतीवरचं कॅलेंडर खाली उतरतं, पानं मागे उलटली जातात आणि रजिस्टरच्या एका छोट्या रकान्यात तारीख पडते. पुढचे चाळीस आठवडे त्या एका रकान्यावर उभे असतात.

२०२५ मध्ये तान्हा पोळा २३ ऑगस्टला होता. पण डोक्यावरून पाणी घेतात ते चौथ्या दिवशी, आणि गर्भाचे आठवडे मोजायचे असतात पाळीच्या पहिल्या दिवसापासून. म्हणून अनुभवी नर्सताई तीन दिवस मागे जाऊन २० ऑगस्ट लिहितात. नवखी असेल तर २३ लिहून मोकळी होते. हा फरक तीनच दिवसांचा. काही जणी मात्र पाळी आली ती तारीख सांगण्याऐवजी चुकली ती सांगतात आणि तिथे एकदम चार आठवडे हातचे जातात. अंगावर पाजणाऱ्या बाईला तर पाळी परत सुरू होण्याआधीच दिवस राहू शकतात. तिच्याकडे सांगायला तारीखच नसते.

तारीख मिळाली की हिशेब सोपा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचे जर्मन प्रसूतितज्ज्ञ फ्रान्झ नेगेले यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम आजही सगळीकडे चालतो: तीन महिने मागे जा, सात दिवस मिळवा. २० ऑगस्टचे होतात २७ मे. म्हणजे ऐन नवतपात, विदर्भातल्या सर्वांत कडक उन्हात बाळंतपण. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायकांचा हिशेब नऊ महिने नऊ दिवसांचा, तो धरला तर २९ मे येते. जर्मन डॉक्टर आणि वर्ध्याची आजी यांच्यात दोनच दिवसांचं अंतर! अर्थात नेमक्या दिलेल्या तारखेला बाळंत होणाऱ्या बायका शंभरात चार-पाचच. तारीख हवी असते ती बाळ कधी येणार हे सांगण्यापेक्षा आज ते किती आठवड्यांचं आहे हे कळण्यासाठी.

या मोजणीतली एक गोष्ट घरोघरी नीट समजावून सांगायला हवी. पाळीच्या पहिल्या दिवशी गर्भ राहिलेलाच नसतो, तो साधारण दोन आठवड्यांनी राहतो. तरीही ते दोन आठवडे मोजणीत धरतात. लग्नाला सहा आठवडे झालेल्या मुलीला डॉक्टर आठ आठवड्यांची गरोदर म्हणू शकतात, आणि त्यात काहीही वावगं नसतं. हे ठाऊक नसलेल्या घरात त्या दोन आठवड्यांवरून मुलीकडे संशयाने पाहिलं जातं. सोनोग्राफीचा कागद हातात देताना हे एक वाक्य नवरा आणि सासू दोघांसमोर सांगितलं, तर एखाद्या मुलीचा छळ टळेल.

खरी अडचण पहिल्या तीन महिन्यांची आहे. तीन महिने कुणाला सांगायचं नसतं, दृष्ट लागते, ही समजूत गावात आणि शहरातही घट्ट आहे. आरोग्य खातं मात्र नोंदणी बारा आठवड्यांच्या आत मागतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात दवाखान्यात होणाऱ्या बाळंतपणांचं प्रमाण ९४.७ टक्के निघालं, पण पहिल्या तीन महिन्यांत तपासणी झालेल्या माता ७०.९ टक्केच. शेवटच्या दिवशी जवळजवळ सगळ्याच दवाखान्यात पोहोचतात, सुरुवातीला मात्र दहातल्या तिघी दिसतच नाहीत. आशाताईंचं मोठं काम इथेच आहे. कुणाच्या घरी लोणच्याची बरणी लवकर संपतेय, कुणी सकाळी कोरड्या उलट्या काढतंय, हे त्यांच्या कानावर नर्सताईंच्या आधी येतं.

विदर्भात हे तीन महिने आणखी एका कारणाने मोलाचे आहेत. सिकलसेल इथे घरोघरी माहीत असलेला आजार आहे. नवरा-बायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. बाईची तपासणी पहिल्याच भेटीत झाली, तर नवऱ्याची करायला वेळ मिळतो आणि गरज पडली तर गर्भाचीही तपासणी वेळेत होते. पाचव्या महिन्यात नाव नोंदवणाऱ्या जोडप्यासमोर हे सगळे निर्णय एकाच आठवड्यात येऊन उभे राहतात. कायदाही आठवड्यांतच बोलतो: २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भपाताची मर्यादा वीस आठवडे, ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी चोवीस.

पाचवा महिना लागला की पोटच बोलू लागतं. अठरा ते वीस आठवड्यांच्या सुमारास बाळ फिरल्याचं पहिलटकरणीला कळतं, दुसरेपणीच्या बाईला थोडं आधी. नर्सताई ओटीपोटाखालच्या हाडापासून गर्भाशयाच्या माथ्यापर्यंत टेप लावतात. चोवीस आठवड्यांनंतर जितके सेंटिमीटर, साधारण तितके आठवडे. अठ्ठावीस आठवडे झालेत आणि टेप चोवीसच दाखवते, तर बाळ वाढत नाहीये किंवा तारीख चुकली आहे. यातलं नेमकं काय, हे पहिली तारीख भरवशाची असेल तरच ठरवता येतं.

तारीख भरवशाची नसली तर काय होऊ शकतं, हे शेजारच्या नागपूरनेच दाखवलं आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला डेक्सामेथासोनची इंजेक्शनं देतात. ती गावपातळीवर दिली तर जीव वाचतील का, हे पाहायला सहा देशांत मोठा अभ्यास झाला. त्यात भारतातली दोन ठिकाणं होती, बेळगाव आणि नागपूर. जिथे पाळीची तारीख मिळत नव्हती तिथे पोटावरच्या टेपवरून आठवडे ठरवले गेले. २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेला निकाल सगळ्यांना हादरवणारा होता. नवजात मृत्यू घटले नव्हते, उलट एकूण जन्मांत हजारी साडेतीनने वाढले होते. इंजेक्शन मिळालेल्या बहुतेक मातांची बाळं तितकी लहान नव्हतीच. पुढे २०२० मध्ये पाच देशांतल्या २९ रुग्णालयांत २८५२ मातांवर झालेल्या दुसऱ्या प्रयोगाचा निकाल आला. भारत त्यातही होता. या वेळी आठवडे सोनोग्राफीने पक्के केले होते. तेच औषध, आणि नवजात मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आले. दोन्ही अभ्यासांत इतर फरकही होते, एक गावातला आणि एक रुग्णालयातला. पण आठवडे नेमके ठाऊक असणं ही त्यातली मोठी गोष्ट होती.

सोनोग्राफी आता तालुक्याच्या गावीही होते, आणि तिने नवा गोंधळ आणला आहे. तीन सोनोग्राफ्यांच्या तीन अहवालांवर तीन वेगवेगळ्या तारखा असतात आणि घरचे शेवटच्या अहवालावर विश्वास ठेवतात, कारण तो सर्वांत नवा. इथे उलटं आहे. चौदा आठवड्यांच्या आतल्या सोनोग्राफीत चूक पाच-सात दिवसांची, शेवटच्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीत ती तीन आठवड्यांपर्यंत जाते. एव्हाना प्रत्येक बाळ आपापल्या अंगाने वाढलेलं असतं. पहिल्या सोनोग्राफीने पक्की झालेली तारीख नंतर बदलायची नसते.

बाळंतपणावर नजर ठेवण्याचं काम वर्ध्याला नवं नाही. कस्तुरबांच्या नावाने सेवाग्रामात चाळीसच्या दशकात उभा राहिलेला दवाखाना मुळात बायका-मुलांसाठीच होता, खाटा अवघ्या पंधरा. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, तिथेच महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. तिथल्या विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते आणि एकेका विद्यार्थ्याच्या वाट्याला काही कुटुंबं येतात. त्यातल्या एखाद्या घरात सून गरोदर असेल, तर अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी पुस्तकात वाचण्याआधी गरोदरपण त्या अंगणात पाहते. २००३ पासून याच संस्थेने आंजी, गौळ आणि तळेगाव या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या गावांत ‘क्लिक्स’ हा उपक्रम चालवला. माता-बालकांच्या आरोग्याची जबाबदारी गावाच्या समन्वय समितीने उचलावी, ही त्यामागची कल्पना. गावातल्या माणसांनी आपल्या गावच्या बाईची काळजी वाहणं, याला कुठलंही यंत्र पर्याय नाही.

यंत्रंही आली आहेत, आणि त्यांचं स्वागतच करायला हवं. केंद्र सरकारची ‘किलकारी’ सेवा २०१६ मध्ये सुरू झाली, महाराष्ट्रात ती फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत दर आठवड्याला फोन येतो, एकूण ७२ संदेश, मोफत. कुठल्या आठवड्यात कुठला संदेश जायचा, हे ठरतं नोंदलेल्या पाळीच्या तारखेवरून. तारीख महिनाभराने चुकली, तर आठव्या महिन्यातल्या बाईला सातव्याचा सल्ला ऐकू येतो. शिवाय नंबर पुष्कळदा नवऱ्याचा असतो आणि नवरा असतो शेतात किंवा कामावर. फोन ज्याच्याकडे आहे त्याने संध्याकाळी घरी आल्यावर तो संदेश बायकोला सांगायला हवा.

आणि मग सातवा लागतो. डोहाळजेवण होतं, ओटी भरली जाते, पहिलटकरीण माहेरी जाते. सासर सेलूचं, माहेर यवतमाळ नाहीतर चंद्रपूरकडचं. सात महिने जिने वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन लिहिलं ती आशाताई मागे राहते. पुढचे दोन महिने, जे सगळ्यांत जोखमीचे, ती बाई नव्या गावात अनोळखी असते. अशा वेळी माता-बाल संरक्षण कार्ड सासरच्या कपाटात राहिलं आणि अवेळी कळा सुरू झाल्या, तर रात्रपाळीच्या डॉक्टरांसमोर प्रश्न उभा राहतो: हे तेहतीस आठवडे की सदतीस? तेहतीस असतील तर इंजेक्शन सुरू करून नवजात अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात हलवायचं. सदतीस असतील तर तिथेच बाळंतपण करता येतं. त्यामुळे कार्ड तिच्या पिशवीत जायलाच हवं. निघण्यापूर्वी दोन्ही गावांच्या आशाताईंचं फोनवर बोलणं व्हावं आणि कार्डाचे फोटो मोबाइलवर पुढे पाठवावेत. त्यात तारीख लिहिलेलं पहिलं पान हवं आणि सोबत पहिल्या सोनोग्राफीचा अहवालही.