पिसवा कुत्र्यावर थोड्या, घरात फार



गणपतीचे दिवस जवळ आले की दापोलीहून बुरोंडीकडे जाणाऱ्या एस.टी. गाड्या चाकरमान्यांनी भरून जातात. कितीएक घरे मे महिन्यानंतर बंदच असतात. कुलूप काढून मंडळी पडवीत पाऊल टाकतात आणि दोन-चार मिनिटांत पोटऱ्या खाजवू लागतात. पायांवर पिसवा! घरात इतके दिवस ना माणूस, ना जनावर. मग या आल्या कोठून? "वाडीतली कुत्री येऊन निजत असणार," असे म्हणत कोणीतरी दगड उचलतो.

हे उत्तर अर्धेच बरोबर आहे. कुत्री-मांजरे पडवीत निजली असतील, पण आता चावणारी पिसू त्यांच्या अंगावरून आलेली नाही. पिसू अंडी घालते ती जनावराच्या केसांत; ती तेथे चिकटत नाहीत, घरंगळून खाली पडतात. त्यांतून निघालेल्या अळ्या फटींतल्या धुळीत, गोणपाटाच्या विणीत वाढतात आणि कोश विणतात. कोशातली पिसू महिनोन्‌महिने थांबू शकते. पावलांचा हादरा आणि अंगाची ऊब जाणवली की ती बाहेर पडते. कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्या पिसवा शंभरातल्या जेमतेम पाच. बाकीची प्रजा अंडी, अळ्या आणि कोश यांच्या रूपाने जमिनीवर असते, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

म्हणूनच माझे म्हणणे असे, की कुत्र्याला औषध लावून हात झटकणे हे अर्धवट काम आहे. दगड मारणे तर कामच नव्हे.

गोचिडीचेही तसेच. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड पिल्लापासून प्रौढ होईपर्यंत तीन वेळा रक्त पिते आणि दर वेळी खाली उतरते. मग भिंत चढून फटीत शिरते. आपल्याकडे घरे जांभ्याची आणि गडगेही जांभ्याचे. जांभ्याला भोकेच भोके! गिलावा न केलेली अशी भिंत म्हणजे गोचिडींची बिनभाड्याची चाळच. एक मादी हजारांवर अंडी घालते आणि प्रौढ गोचीड वर्षाहून अधिक काळ उपाशी राहू शकते. तिच्या चाव्यातून कुत्र्याला एर्लिकिया आणि बबेसिया या जंतूंचे ताप येतात. कुत्रे खात नाही, हिरड्या पांढऱ्या पडतात, आणि घरचे म्हणतात, "म्हातारे झाले."

यावर लोक जे उपाय करतात त्यांचा मला राग येतो. रॉकेल चोळल्याने कातडी भाजते आणि ते चाटल्याने पोटात विष जाते. मांजराची गोष्ट आणखी नाजूक आहे. कुत्र्याच्या गोचिडींवरच्या कित्येक औषधांत परमेथ्रिन असते. कुत्र्याला ते सोसते. मांजराच्या यकृताला त्याचा निचरा करता येत नाही. ते थरथरू लागते, झटके येतात आणि मरतेही. फिनेलही मांजराला विषच. आपल्या तापाची पॅरासिटॅमॉलची गोळी मायेपोटी दिली, तरी तेच.

आता पोटातले जंत. अंग चावताना कुत्रे पिसू गिळते आणि त्या पिसवेतून पट्टकृमी पोटात जातो. त्याचे सुटे तुकडे शेपटीखाली काकडीच्या बियांसारखे दिसतात. पिसवा तशाच ठेवून जंताची गोळी दिली, तर महिन्याभरात बिया पुन्हा हजर!

अंकुशकृमीला तर गिळण्याचीही गरज नसते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इजिप्तमध्ये आर्थर लूस या शास्त्रज्ञाच्या हातावर माणसातल्या अंकुशकृमीच्या अळ्यांचे पाणी चुकून सांडले. हात खाजला, लाल झाला. पुढे त्याच्याच विष्ठेत कृमीची अंडी सापडली. अळ्या कातडीतून शिरतात, हे असे कळले. कुत्र्या-मांजरांच्या अंकुशकृमीच्या अळ्याही आपल्या तळव्यात शिरतात. आत फार पुढे जाता येत नसल्याने त्या कातडीखालीच नागमोडी फिरतात आणि रात्र रात्र खाजवतात. भरतीच्या पाण्याने धुतलेल्या पुळणीत हा धोका कमी. सुरूच्या सावलीतल्या ओलसर वाळूत, जेथे कुत्री घाण करतात आणि तुम्ही अनवाणी खेळता, तेथे अधिक.

दिवसभर साखळीला बांधलेले कुत्रे याच घाणीत आणि पिसवांत निजते, शिवाय सुस्तावते. त्याला सकाळ-संध्याकाळ पुळणीवर पळवा आणि त्याची विष्ठा उचलून खड्ड्यात पुरा. हिवाळ्यातल्या रात्री मात्र ते घरीच असावे; आपल्या किनाऱ्यावर तेव्हा कासविणी अंडी घालतात आणि कुत्री ती उकरतात.

पिल्लांना आईकडूनच जंत मिळतात, म्हणून ती दोन आठवड्यांची झाल्यापासून औषध लागते. ते किती द्यायचे हे वजनावर ठरते. जनावरांच्या दवाखान्यात विचारा आणि त्याच खेपेला रेबीजची लस केव्हा द्यायची तेही विचारून ठेवा. पण गोणपाट दर आठवड्याला उकळत्या पाण्यात बुडवून उन्हात टाकणे, पडवीचे कोपरे झाडणे, भिंतीची भोके लिंपणे याला डॉक्टर कशाला हवा?

सुरुवात आजच करता येईल. पांढरा कागद ओला करा आणि बारीक फणीने कुत्र्याच्या शेपटीजवळचे केस त्यावर विंचरा. काळे कण पडतील. थोडा वेळ थांबा. कणांभोवती तांबूस डाग पसरला, तर ती माती नव्हे. पिसवेच्या विष्ठेतले कुत्र्याचेच रक्त आहे. मग ते कुत्रे जेथे निजते, तेथला कोपराही झाडून पाहा.