रिकाम्या दावणीकडे लक्ष असू द्या
सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा पारखताना जाणता माणूस आधी कान बघतो. कान मागे पाडले की जवळ जायचं नाही. घोडा मुळात भित्रं जनावर. आपला राग, आपली घाई त्याला लगेच कळते. त्याला हात लावायचा तर आधी आपणच शांत व्हावं लागतं. परदेशात घोड्याच्या सोबतीनं मनाचे उपचार करतात, त्याचं मर्म हेच. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना १९४४ साली पोलिओ झाला, गुडघ्याखालचे पाय गेले. तरी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी घोडेस्वारीत रौप्यपदक मिळवलं.

घोडा कुणाला परवडतो, म्हणाल. खरं आहे. पण बैलाला खरारा करताना मन कसं निवतं, ते तुम्हाला मी काय सांगावं! म्हणूनच ज्यानं कर्जापायी दावण रिकामी केली, त्याच्या घरी सरपंच, पोलीस पाटलांनी मुद्दाम जावं. जनावर गेलं की पहाटे उठायचं कारणच जातं. झोप उडाली, बोलणं तुटलं, तर मात्र जनावरावर भागत नाही, डॉक्टरच पाहिजे. टेलिमानसचा १४४१६ हा फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं. नंबर चावडीच्या भिंतीवर ठळक लिहून टाका.