ठिणगी चुकली आणि गाडी थांबली

मुलांनो, आज आधी माझी एक फजिती सांगते. बाईंची फजिती म्हटल्यावर लगेच कान टवकारलेत ना? ऐका तर मग.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. शिष्यवृत्ती परीक्षेचा दिवस होता. आमच्या शाळेतली पाचवीची चार मुलं माझ्या छोट्या पेट्रोल गाडीतून तालुक्याच्या केंद्रावर निघाली होती. पाढे म्हणत, गाणी म्हणत खिंडीपर्यंत आलो. चढ लागला आणि गाडी गचके खायला लागली. समोरच्या काचेखाली इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा उघडझाप करू लागला. गाडी काही चढेना. शेवटी कडेला घेऊन बंद केली.

खरं सांगू? तो पिवळा दिवा पंधरा दिवस लागलेलाच होता. फक्त तोवर उघडझाप करत नव्हता. "पगार झाला की गॅरेजला नेऊ," असं म्हणत मी रोज दुर्लक्ष करत होते. आता चार मुलं रस्त्याच्या कडेला उभी. एक मुलगी कंपासपेटी छातीशी धरून रडवेली झालेली. तेवढ्यात दुधाचा टेम्पो आला. त्या दादांनी आम्हाला दाटीवाटीनं बसवून केंद्रावर सोडलं. आत शिरलो आणि घंटा झाली! टेम्पो आला नसता तर? मुलांची वर्षभराची मेहनत माझ्या एका आळसापायी वाया गेली असती.

संध्याकाळी मिस्त्रींनी बॉनेट उघडलं आणि बोटाएवढी एक वस्तू माझ्या हातावर ठेवली. स्पार्क प्लग! "बाई, ही मिसिंग करत होती," ते म्हणाले. एवढ्याशा वस्तूनं एवढी मोठी गाडी कशी अडते, ते आज समजून घेऊ.

पेट्रोलच्या इंजिनात सिलिंडर असतात. त्यात पेट्रोलची वाफ आणि हवा यांचं मिश्रण शिरतं. दट्ट्या, म्हणजे पिस्टन, ते दाबतो. मग ते पेटतं, गरम वायू फुगतात आणि दट्ट्याला जोरात खाली ढकलतात. त्या ढकलण्यानं चाकं फिरतात. पण पेटवणार कोण? आईच्या हातातला गॅसचा लायटर आठवा. टक् केलं की ठिणगी उडते. तशीच ठिणगी प्लगच्या टोकाशी उडते. तिथे साधारण एक मिलिमीटरची फट असते. वीज त्या फटीवरून उडी मारते, तीच ठिणगी!

आता एक कोडं. गाडीची बॅटरी असते १२ व्होल्टची. एवढ्या विजेला ती उडी जमत नाही. उडीला लागतात २०,००० व्होल्ट, कधी त्याहूनही जास्त. आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची असते, यावरून अंदाज करा. मग १२ चे हजारो कसे झाले?

ही किमया कॉइलची. लोखंडाच्या गाभ्यावर तारेची दोन वेटोळी असतात. एकात जाड तारेचे थोडे वेढे, दुसऱ्यात बारीक तारेचे हजारो वेढे. पहिल्यातून बॅटरीची वीज जाते, तेव्हा गाभा चुंबक बनतो. ही वीज झटकन तोडली की चुंबकत्व एकदम नाहीसं होतं आणि त्या बदलामुळे दुसऱ्या वेटोळ्यात प्रचंड दाबाची वीज उमटते. बदलत्या चुंबकत्वातून वीज निर्माण होते, हे इंग्लंडच्या मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवून दिलं होतं. त्या शोधावर आपली गाडी आजही धावते, बरं का!

ठिणगी नुसती उडून भागत नाही, ती वेळेवर उडावी लागते. झोपाळ्यावर बसलेल्या धाकट्या भावाला धक्का देताना तुम्ही नेमकी वेळ साधता ना? वेळ चुकली तर झोका मंदावतो. इंजिनाचंही तसंच. आजोबांच्या काळातल्या गाड्यांमध्ये ही वेळ साधायला 'पॉइंट' असत. ते झिजत आणि वरचेवर घासून साफ करावे लागत. आताच्या गाडीत इंजिनाचा वेग मोजणारे सेन्सर असतात. ते छोट्या संगणकाला खबर देतात आणि संगणक कॉइलला हुकूम सोडतो. बहुतेक नव्या गाड्यांत तर प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल बसवलेली असते.

पॉइंट गेले, पण प्लग मात्र अजूनही झिजतो. दर ठिणगीला त्याचं टोक कणाकणानं खर्ची पडतं आणि फट वाढत जाते. फट वाढली की उडी मोठी होते, म्हणून कॉइलला जास्त जोर लावावा लागतो. माझ्या गाडीत हेच झालं. झिजलेल्या प्लगपायी कॉइल दमली आणि शेवटी जळाली. वेळेवर प्लग बदलला असता तर थोडक्यात भागलं असतं. आता कॉइलचाही भुर्दंड बसला.

तुम्हाला एका आईची गोष्ट सांगते. ऑगस्ट १८८८. जर्मनीच्या बर्था बेंझ आपल्या १५ आणि १३ वर्षांच्या मुलांना घेऊन, नवऱ्यानं बनवलेल्या तीनचाकी मोटारीतून मानहाइमहून फॉर्त्सहाइमला निघाल्या. सुमारे १०० किलोमीटर! मोटारीतून इतक्या लांबचा प्रवास त्याआधी कुणी केला नव्हता. वाटेत ठिणगीची वीज नेणाऱ्या तारेचं आवरण झिजलं. बर्थाबाईंनी पायमोजा घट्ट बसवायचा पट्टा काढला आणि त्या जागी गुंडाळला. मोटार पुन्हा चालू! त्यांनी दुखणं ओळखलं आणि तिथल्या तिथे उपाय केला. मी मात्र पंधरा दिवस दिवा बघत बसले.

दसऱ्याला आपण गाडीला झेंडूचा हार घालतो. वर्षभर एवढंही करा:

१. चावी फिरवली की बरेच दिवे लागतात. इंजिन सुरू झालं की पिवळा इंजिनाचा दिवा विझायला हवा. विझला का, हे बघायचं काम तुमचं. सतत लागून राहिला तर लवकर गॅरेज गाठायचं. उघडझाप करत असेल तर वेग कमी करून सुरक्षित जागी थांबायचं आणि मिस्त्रींना बोलवायचं. न जळलेलं पेट्रोल धूर शुद्ध करणारा भाग खराब करतं.

२. प्लग किती किलोमीटरनंतर बदलायचा, ते गाडीच्या पुस्तिकेत छापलेलं असतं. ते पान शोधून आईबाबांना दाखवा. प्रत्येक गाडीचा आकडा वेगळा असतो.

३. मिस्त्रींनी प्लग काढला की त्याचा रंग बघा. फिकट तपकिरी असेल तर इंजिनाची तब्येत ठणठणीत. काळी काजळी किंवा ओलं तेल दिसलं तर काहीतरी बिघडलंय.

४. गाडी धुताना बॉनेट उघडून आत पाण्याचा फवारा मारू नका. कॉइलपाशी पाणी शिरलं की ठिणगी चुकते.

५. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी पूड दिसली तर मोठ्यांना सांगा. हात लावू नका, ती आम्लाची असते.

आणि मुलांनो, बॉनेटखाली स्वतः हात घालायचा नाही. हजारो व्होल्टचा झटका काही गंमत नव्हे. आपलं काम डोळ्यांनी आणि कानांनी करायचं.

जाता जाता एक गणित. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेतंय आणि प्रत्येक प्लग दर दोन फेऱ्यांत एकदा ठिणगी देतो. मग तीन सिलिंडरच्या गाडीत सेकंदाला एकूण किती ठिणग्या उडतील? आणि डिझेलच्या गाडीला स्पार्क प्लग का लागत नाही? तेही विचारून ठेवा. उत्तरं पुढच्या अंकात.

हो, ती कंपासपेटीवाली मुलगी परतताना काय म्हणाली, सांगायचं राहिलंच. "बाई, तुम्हीच आम्हाला सांगता ना, आजचा अभ्यास उद्यावर ढकलू नका म्हणून?" मी कान पकडले. दुसऱ्याच दिवशी नवे प्लग बसले!