पेंड आपली, फॉस्फरस मात्र विकतचा

लातूरच्या मोंढ्यात सोयाबीन पडलं की चर्चा हमीभावाची होते. ती व्हायलाच हवी. २०२४ च्या हंगामात क्विंटलला ४,८९२ रुपये हमीभाव असताना माल त्याखाली गेला, हे आपण पाहिलंच. पण या भावाची एक दोरी कोंबडीच्या खाद्यात अडकली आहे. देशात खपणाऱ्या सोयापेंडीचा मोठा वाटा कोंबडीच खाते. त्यात मक्यापासून इथेनॉल वाढलं आणि त्या कारखान्यांतला 'डीडीजीएस' हा स्वस्त चोथा पेंडीच्या जागेवर बसू लागला. तेव्हा पेंडीतलं कोंबडीला काय लागू पडतं अन् काय वाया जातं, याचा हिशेब सोयाबीनवाल्यानं आणि पोल्ट्रीवाल्यानं, दोघांनीही मांडावा.

मका आणि पेंडीत फॉस्फरस भरपूर, पण त्यातला सुमारे दोन तृतीयांश 'फायटेट'च्या कुलपात बंद. कोंबडीकडे त्याची किल्ली जवळजवळ नाही. तो विष्ठेतून बाहेर पडतो आणि आपण डीसीपीची महाग गोणी आणतो. तिच्यासाठी लागणारा खनिज फॉस्फेट देशाला बहुतांश आयात करावा लागतो.

'फायटेज' हे विकर म्हणजे ती किल्ली. नेदरलँड्समध्ये १९९१ पासून ते खाद्यात वापरात आलं. तिथं कोंबडी-डुकरांच्या खतातला फॉस्फरस जमिनीत आणि पाण्यात फार साचू लागला होता. किलोभर खाद्यात ५०० युनिट फायटेज असेल, तर टनामागे ५ किलोच्या आसपास डीसीपी वाचू शकतो.

पण इथंच गोम आहे. चुनखडीची भुकटी स्वस्त, म्हणून ती सढळ हातानं टाकली जाते. बारीक भुकटी पोटात लगेच विरघळते, तिचं कॅल्शियम फायटेटला चिकटतं आणि कुलूप आणखी घट्ट होतं. मग फायटेजचा पैसा पाण्यात. वाचलेल्या डीसीपीची जागा भुकटीनं भरू नका.

अंड्याच्या कोंबडीचं गणित पाहा. एका कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असतं. कोंबडी दिवसाला ११० ग्रॅम खाद्य खाते आणि खाल्लेल्या कॅल्शियमपैकी साधारण निम्मंच अंगी लागतं. म्हणून लेअर खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम लागतं. कवच बहुतेक रात्री तयार होतं, तेव्हा गव्हाण रिकामी असते. अशा वेळी कामी येतात २ ते ४ मिलिमीटरचे चुनखडीचे किंवा शिंपल्यांचे खडे. ते पोटात थांबून हळूहळू विरघळतात. त्यामुळे निम्म्याहून अधिक चुनखडी खड्यांची ठेवा. ब्रॉयलरला मात्र कॅल्शियम एक टक्क्याच्या आतबाहेरच पुरे. लेअरचं खाद्य त्याला घालू नका.

आणखी दोन गोष्टी. डीसीपीवर लिंबू पिळा. जोरात फसफसला तर चुनखडीची भेसळ असण्याचा संशय धरा आणि नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या. फायटेजची पिशवी पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका. आपल्याकडच्या बेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात विकराचा जोर ओसरतो.

ग्रामसेवक आणि पशुधन पर्यवेक्षकांनाही विनंती. खाद्याच्या मिश्रणाचा सल्ला उदगीर किंवा परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयातून मिळवता येईल. गावातल्या दहा पोल्ट्रीवाल्यांना एकत्र करून तो घ्या. सोयाबीनचा भाव आपल्या हाती नाही. त्याच पेंडीतला फॉस्फरस पुन्हा विकत घ्यायचा की नाही, एवढं तरी आपल्या हाती आहे.