कर भरा, पण मत मागू नका!

बंगळूरच्या आग्नेयेला, होसूर रस्त्यावर बोम्मनहळ्ळी आहे. तयार कपड्यांच्या कारखान्यांत राबणाऱ्या स्त्रिया आणि इतर कष्टकऱ्यांचा हा भाग. येथे पूर्वी स्वतंत्र नगरपालिका होती. २००७ साली कर्नाटक सरकारने बोम्मनहळ्ळीसह सात नगरपालिका, केंगेरीची छोटी नगरपालिका आणि ११० खेडी बंगळूर महापालिकेत विलीन केली. आता शहराच्या सोयी दारात येतील, अशी आशा लोकांना दाखवली गेली. प्रत्यक्षात काय आले?

वाढीव महापालिकेची पहिली निवडणूक झाली मार्च २०१० मध्ये, म्हणजे विलीनीकरणानंतर तीन वर्षांनी. दुसरी ऑगस्ट २०१५ मध्ये. त्या सभागृहाची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली आणि पुढची पाच वर्षे निवडणूकच झाली नाही. प्रशासकांनी कारभार केला. २०२५ मध्ये ती महापालिकाच मोडून तिच्या पाच महापालिका करण्यात आल्या. मुदत संपण्यापूर्वी नवी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे, असे राज्यघटनेचे ७४ व्या दुरुस्तीने आलेले कलम सांगते. पण वॉर्डरचना, आरक्षण, कोर्टकज्जे यांची सबब पुढे केली की घटना गुंडाळून ठेवता येते! मालमत्ता कराची वसुली मात्र एक वर्षही थांबली नाही.

पाण्याची कथा अशीच. विलीन झालेल्या ११० खेड्यांसाठीच्या कावेरी योजनेच्या पाचव्या टप्प्याचे उद्घाटन झाले ऑक्टोबर २०२४ मध्ये. विलीनीकरणाला तोवर सतरा वर्षे झाली होती. तोपर्यंत कूपनलिका आणि टँकर! २०२४ च्या उन्हाळ्यात कूपनलिका आटल्या, तेव्हा टँकरवाले सांगतील तो भाव मोजावा लागला. जमिनीची किंमत शहराची आणि पाणी मात्र खेड्याचे, असा हा न्याय आहे.

त्याच रस्त्याने आणखी पुढे गेले की इलेक्ट्रॉनिक्स सिटी लागते. येथे तर प्रकार त्याहून धीट. घटनेच्या कलम २४३ क्यू मध्ये एक पळवाट आहे : उद्योग जेथे नागरी सोयी पुरवतात किंवा पुरवणार आहेत, असा भाग राज्यपालांनी 'औद्योगिक नगरी' म्हणून जाहीर केला की तेथे निवडून आलेली नगरपालिका नसली तरी चालते. या पळवाटेने २०१३ साली इलेक्ट्रॉनिक्स सिटीसाठी वेगळे प्राधिकरण आले. त्यात बसतात उद्योजकांचे प्रतिनिधी आणि सरकारी अधिकारी. मालमत्ता कराचा मोठा भाग वसाहतीतच राहतो, शेजारच्या पंचायतींच्या वाट्याला उरलेला हिस्सा. वसाहतीतले रस्ते गुळगुळीत आहेत, हे खरे. पण तेथे झाडू मारणारा, पहारा करणारा, कँटीनमध्ये भांडी घासणारा माणूस कुंपणाबाहेर दोड्डतोगूरसारख्या गावात राहतो. त्याच्या घामावर उभ्या राहिलेल्या संपत्तीचा कर त्याच्या गल्लीत पुरता पोहोचत नाही, आणि प्राधिकरणावर त्याचे मतही नाही.

नगरपालिका भ्रष्ट असतात, कंपन्या कारभार नीट करतात, असा युक्तिवाद ऐकू येतो. भ्रष्ट नगरसेवकाला पाच वर्षांनी घरी पाठवता येते. कंपनीच्या प्रतिनिधीला कोण पाठवणार?

रेल्वे आणि टपाल खात्यातील बंधू-भगिनी विचारतील, बंगळूरच्या वेशीशी आमचा काय संबंध? संबंध थेट पगाराच्या पावतीशी आहे. बंगळूर, मुंबई, पुणे ही एक्स वर्गातील शहरे. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यानंतर सातव्या वेतन आयोगाच्या व्यवस्थेत घरभाडे भत्ता एक्स वर्गात ३० टक्के, झेड वर्गात १० टक्के झाला. मूळ वेतन ३०,००० असलेल्या ट्रॅकमन किंवा पोस्टमनच्या बाबतीत हा फरक दरमहा ६,००० रुपयांचा! नागरी समूहाच्या बाहेर, पण महापालिका हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत कामाचे ठिकाण असेल, तर शहराचा दर मिळण्याची तरतूद आहे. मात्र त्या पट्ट्यात दुसरी नगरपालिका असता कामा नये, आणि ते ठिकाण जीवनावश्यक गोष्टींसाठी शहरावर अवलंबून आहे असा जिल्हाधिकाऱ्यांचा दाखला हवा. म्हणजे नकाशावरची एक रेघ सरकली, एक नवी नगर परिषद जाहीर झाली, तरी भत्त्याचा प्रश्न उभा राहू शकतो. घरमालक भाडे मागताना असा नकाशा पाहत नाही.

आपल्याकडेही रेघा सरकतच आहेत. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावे २०१७ साली पुणे महापालिकेत आली आणि २०२४ साली बाहेर काढून त्यांची नगर परिषद झाली. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाने कारभार केला. जमीन आणि कर हवा तेव्हा हद्द पुढे सरकते. पाणी, भत्ता आणि मत देण्याची वेळ आली की हद्दीची चौकशी सुरू होते.

याला उत्तर आहे का? तेही बोम्मनहळ्ळीनेच दिले आहे. १० फेब्रुवारी २०१६ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने प्रॉव्हिडंट फंडातील मालकाच्या हिश्शाची रक्कम ५८ व्या वर्षापर्यंत अडकवून ठेवली. एप्रिलच्या १८ आणि १९ तारखांना कापड कामगार स्त्रिया कारखान्यांतून बाहेर पडल्या आणि त्यांनी होसूर रस्ता रोखला. लाठ्या खाल्ल्या, पण १९ तारखेलाच सरकारला माघार घ्यावी लागली. ज्यांना महापालिकेत कोणी विचारत नव्हते, त्यांनी दिल्लीला दोन दिवसांत ऐकायला लावले!

म्हणून प्रत्येक शाखेने आगामी द्वारसभांत पुढील मागण्यांचे ठराव करावेत :

१) मुदत संपलेल्या प्रत्येक महापालिकेची निवडणूक वेळेतच झाली पाहिजे. प्रशासकाची राजवट नको.

२) औद्योगिक नगरीच्या नावाखाली निवडून आलेली संस्था टाळण्याची पळवाट बंद करा.

३) हद्दबदलामुळे कोणाचाही घरभाडे भत्ता घटता कामा नये. ८ किलोमीटरच्या पट्ट्यातील प्रत्येक स्टेशन आणि डाकघराचे दाखले प्रशासनाने स्वतः मिळवावेत.

शाखा सचिवांनी आपल्या हद्दीतील अशा ठिकाणांची यादी आधी तयार करावी. वेशीबाहेरचा कामगार आणि वेशीच्या आतला कामगार असा भेद मालक आणि सरकार करतात. संघटनेने तो करायचा नाही.

कामगार एकजुटीचा विजय असो!