नावाचं मूळ शोधणाऱ्या आजोबांना

जन्मनोंदणीच्या खिडकीवर बसते, त्यामुळे नावांवरून होणारी घरगुती भांडणं मला नवी नाहीत. बाळाचं नाव वर्षभर बिनशुल्क नोंदवता येतं. तरी कित्येक दाखले नावाची जागा कोरी ठेवूनच निघतात. आईला ‘कियान’ हवं असतं आणि आजोबा म्हणतात, “हे आपल्यातलं नाव आहे का?”

अशा आजोबांना मला विल्यमची गोष्ट सांगावीशी वाटते. आज याहून अस्सल इंग्रजी नाव सापडायचं नाही. पण 1066 मध्ये हेस्टिंग्जची लढाई जिंकून ते इंग्लंडच्या गादीवर बसलं, ते नॉर्मंडीच्या ड्यूकबरोबर. फ्रेंचांचं म्हणावं, तर मुळात तेही नाही. ‘इच्छा’ आणि ‘शिरस्त्राण’ या अर्थांचे दोन जर्मानिक शब्द जोडून ते झालं. पॅरिसकडे सुरुवातीच्या ‘व’चा ‘ग’ होऊन त्याचं ‘गियोम’ झालं. नॉर्मंडीत ‘व’ टिकला आणि तोच इंग्लंडात पोचला.

मग गॉडविन, लिओफ्रिक ही जुनी नावं मागे पडली. बाराव्या शतकात व्हिटबी गावातल्या टॉस्टिग नावाच्या मुलाला बरोबरीची पोरं हसू लागली, म्हणून त्याचं नाव बदलून विल्यम केलं. पुढे तो बार्थोलोम्यू या नावानं फार्न बेटावर एकांतवासात राहिला, म्हणून त्याच्या चरित्रात ही हकिकत टिकली. 1171 च्या नाताळात नॉर्मंडीतल्या एका मेजवानीत विल्यम नसलेल्यांना दालनाबाहेर काढलं, तरी शंभरावर सरदार आत उरले, असं रॉबर्ट ऑफ टोरिनी या इतिहासकारानं लिहिलंय.

जुन्यांपैकी ‘एडवर्ड’ तगलं, तेही नॉर्मन राजांचा वंशज असलेल्या तिसऱ्या हेन्रीमुळे. सॅक्सन संत-राजा एडवर्डवरच्या भक्तीपोटी त्यानं 1239 मध्ये आपल्या मुलाला ते नाव दिलं.

फ्रान्सनं तर 1803 मध्ये कायदाच केला: पंचांगातल्या संतांची नाहीतर प्राचीन इतिहासातलीच नावं ठेवायची. 1993 मध्ये निवड पालकांवर सोपवली. आता बाळाच्या हिताला बाधा येईल असं वाटलं, तरच नोंदणी अधिकारी सरकारी वकिलांना कळवतो. मला हे पटतं. नाव कुठून आलं यापेक्षा पोराला ते मिरवता येईल का, हे घरच्यांनी बघावं. आणि फॉर्मवरचं स्पेलिंग दोनदा तपासावं. दुरुस्तीची रांग आधीच मोठी आहे.