रकाने मोजणारे रिव्ह्यूअर

लिनक्स कर्नलसाठी ड्रायव्हरचा पॅच पाठवा आणि गंमत बघा. टॅबच्या जागी स्पेस पडल्या, कंस भलत्या ओळीवर गेला, ओळ ऐंशी रकान्यांपलीकडे सरकली की शेऱ्यांचा नुसता पाऊस. (चेकपॅच 2020 पासून शंभरापर्यंत गप्प बसतो, माणसं बसत नाहीत.) चेकपॅच ही साधी पर्ल स्क्रिप्ट आहे. तिचंच काम पुन्हा करायचं, तर माणूस हवा कशाला?

त्याच पॅचच्या प्रोब फंक्शनमध्ये क्लॉक चालू झालेला असतो, पुढच्या ओळीत रेग्युलेटर नकार देतो आणि लेखकमहाशय सरळ रिटर्न करून मोकळे. क्लॉक बंद कोण करणार? कुणीच नाही. पण इंडेंटेशन देखणं, म्हणून पॅच पास!

त्याहून डोकं फिरतं ते एरर कोडच्या बाबतीत. रेग्युलेटरचा ड्रायव्हर अजून आलेला नसेल तर कर्नल ‘ईप्रोब डिफर’ देतो, उणे 517. म्हणजे आत्ता थांब, नंतर पुन्हा प्रोब करू. आमचे शहाणे तो कोड फेकतात आणि मनानेच ‘ईइन्व्हॅल’ परत करतात. कर्नलच्या लेखी विषय संपला, तो पुन्हा विचारायला येत नाही. डिव्हाइस एका बोर्डावर चालतं, दुसऱ्यावर मेलेलं, आणि शिव्या खातात हार्डवेअरवाले.

‘डेव्हएम वापरलंय ना, मग आपोआप सुटतं,’ हे आणखी एक पालुपद. सुटतं, पण कधी? रिमूव्ह फंक्शन संपल्यावर. त्या फंक्शनमध्ये तुम्ही क्लॉक हाताने बंद केलात आणि इंटरप्ट मात्र डेव्हएमच्या भरवशावर ठेवलात, तर मधल्या वेळात आलेला इंटरप्ट बंद क्लॉकच्या रजिस्टरांना हात घालतो.

‘स्टाइल म्हणजे फालतूपणा’ म्हणणारेही तेवढेच आळशी. कॉलेजात गोटू म्हणजे पाप असं घोकलेल्यांनी कर्नलची कोडिंग स्टाइल एकदा वाचावी. बाहेर पडताना आवराआवर करायची असेल तर गोटू वापरा आणि लेबलाच्या नावातच तिथे काय सोडवलं जातं ते सांगा, असं तिथे स्पष्ट आहे. तरी ‘एरर1’, ‘एरर2’ येतातच. मध्ये एखादी पायरी वाढली की सगळे आकडे चुकतात.

आवराआवरीच्या ओळी काही बिघडलं तरच चालतात, आणि मेमरी संपल्याचा प्रसंग तुमच्या टेबलावर सहसा येत नाही. फेलस्लॅबने तो मुद्दाम आणता येतो, पण आणतो कोण? म्हणजे या ओळी निदान कुणीतरी वाचायला तरी हव्यात. तेव्हा रिव्ह्यूअर मंडळी, पुढचा पॅच आला की फंक्शनच्या शेवटच्या लेबलापासून वर वाचत चला. रकाने चेकपॅच मोजेल.